नोकरीसाठी शहर बदलतेय: भाड्याच्या घरासाठी वस्ती कशी ठरवायची?

पत्ताबदल

नमस्कार. पाच आठवड्यांनी नवी नोकरी सुरू होतेय, तीही नव्या शहरात. त्या शहरात मी आजवर दोनदाच गेलेय, दोन्ही वेळा मुलाखतीला. म्हणजे स्टेशन, हॉटेल आणि एक काचेची इमारत, एवढीच आमची ओळख. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की "अमुक भागात घ्या, तमुक भागात पाऊल टाकू नका" सुरू होतं, आणि सांगणारा बहुतेक स्वतः राहतो तोच भाग चांगला असतो. मला भागाचं नाव नकोय, ठरवायचं कसं ते हवंय.

आम्ही तिघं. नवरा घरून काम करतो, दिवसातले चार-पाच तास व्हिडिओ कॉलवर असतो. लेक पाच वर्षांची. मला आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, साडेनऊला पोचायचं. सुटायच्या वेळेचं काही खरं नाही.

चाळण लावून तीन जागा उरल्यात.

अ: ऑफिसच्या आजूबाजूचे नवे टॉवर. चालत १२ मिनिटं. घर लहान.

ब: शहराचा जुना, मधला भाग. एकच ट्रेन, मध्ये बदलायची नाही. नकाशा म्हणतो दारापासून दारापर्यंत ४० मिनिटं.

क: शहराची कड. बस आणि मग ट्रेन, ७० मिनिटं. पण एक खोली जास्त.

भाडं क चं १०० धरलं तर ब चं १३० आणि अ चं १५५ पडतं.

नवऱ्याचं मत क ला, खोलीसाठी. माझं ब ला. आई फोनवरून अ म्हणते. लेकीला मताचा अधिकार नाही, तरी सगळ्यात मोठा आवाज तिचाच: जिथे झोपाळा असेल तिथे. जाऊन राहिलेल्यांनी सांगा, तुम्ही काय बघून ठरवलंत, आणि काय बघायचं राहून गेलं?

एकशब्दी

अ. ऑफिसजवळ घ्या, विषय संपला. प्रवासात गेलेला वेळ कुणी परत देत नाही.

सहावंघर

एकशब्दी, हा सल्ला मी माझ्या चौथ्या घराच्या वेळी तंतोतंत पाळला होता. ऑफिस खिडकीतून दिसायचं, मी केस ओले असतानाच निघायचे. सातव्या महिन्यात कंपनीनं आमचा विभाग शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवला. करार वर्षाचा, मध्येच सोडलं तर अनामत गेली. पाच महिने मी रोज शहर आडवं कापत होते, आणि खिडकीतून ती रिकामी इमारत माझ्याकडे बघत होती.

पत्ताबदल, अकरा वर्षांत माझं हे सहावं भाड्याचं घर, नाव त्यावरूनच घेतलंय. ऑफिस हलतं, नोकरी सुटते, साहेब बदलला की तीन दिवसांचे पाच दिवस होतात. म्हणून मी हल्ली ऑफिसपासूनचं अंतर बघत नाही, त्या जागेपासून किती दिशांना सरळ जाता येतं ते बघते. तुमच्या ब मधून ट्रेन एकाच बाजूला जाते की दोन-तीन लाइनी जवळ आहेत, हे लिहिलं नाहीत. मला ते ४० मिनिटांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आता काय बघायचं राहून गेलं ते सांगते, कारण तिथे माझा अनुभव दांडगा आहे.

पहिलं घर मी रविवारी दुपारी पाहिलं. एजंट म्हणाला, इथे पान पडलं तरी ऐकू येतं. मी मान डोलावली. सोमवारी पहाटे पावणेपाचला कळलं की मागच्या भिंतीपलीकडे बांधकामाच्या सामानाचं गोदाम आहे. ट्रक मागे घेताना पीं-पीं वाजतं ना, ते. आमचा चौथा मजला. तळमजल्यावरच्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, आम्हाला फारसं नाही ऐकू येत. खरंच होतं ते: त्यांना भिंतीचा आडोसा मिळायचा, आवाज भिंतीवरून थेट आमच्याकडे यायचा. "वरचा मजला म्हणजे शांतता" असं कुणी म्हणालं की मला तो ट्रक आठवतो.

तिसऱ्या घरासमोर शाळा होती. आम्ही सुट्टीच्या दिवसांत घर पाहिलं, समोर मोकळं मैदान आणि झाडं! शाळा सुरू झाल्यावर सकाळी पाऊण तास आमच्या फाटकातून गाडीच काय, सायकलही बाहेर निघायची नाही. (शाळेचा आवाज मात्र मला कधी टोचला नाही. मधल्या सुट्टीचा गलका ऐकून मी माझं जेवण उरकायचे, घड्याळ लागायचं नाही.)

आणि पाचवं घर. तिथे भिंतींना जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत ताजा रंग होता, वरचा जुना. मला वाटलं मालक हौशी आहे. पहिल्या मोठ्या पावसात हौस कळली. तेव्हापासून मी तळमजला असो नसो, गल्लीतल्या जुन्या भिंती, विजेच्या मीटरच्या पेट्या, दुकानांचे उंबरे बघते. ज्या गल्लीत मीटर छातीच्या उंचीवर आणि दुकानाला तीन पायऱ्या, तिथल्या लोकांनी पाणी पाहिलेलं असतं.

तर माझं म्हणणं असं की घर आपण आपल्या सवडीच्या वेळी बघतो आणि राहतो बाकीच्या सगळ्या वेळी. तुम्ही निवडलेल्या जागी कामाच्या दिवशी जा. मंगळवार-बुधवार उत्तम. सकाळी तुमच्या निघायच्या वेळी त्या दारातून निघा आणि खरोखर ऑफिसच्या लिफ्टपर्यंत जा. संध्याकाळी उलट या. मग अंधार पडल्यावर, दहा वाजता, स्टेशनवरून घरापर्यंत एकट्या चाला. दिवे किती आहेत यापेक्षा माणसं किती आहेत ते बघा. जेन जेकब्ज या बाईंनी १९६१ सालीच लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर डोळे असतात म्हणून: उघडी दुकानं, रस्त्याकडे तोंड केलेल्या खिडक्या, येणारे-जाणारे लोक. नव्या टॉवरांच्या भागात हे हमखास हुकतं. दिवे लखलखीत, आणि दोन्ही बाजूंना फक्त कुंपणाच्या भिंती. तुमची सुटायची वेळ नक्की नाही म्हणता, म्हणून हे आधी सांगितलं.

एजंटाला प्रश्न जरूर विचारा, पण उत्तर जिना झाडणाऱ्याकडून घ्या. "आधीचे लोक किती दिवस राहिले?" एवढं विचारलं तरी पुरतं. एकाच घरात तीन वर्षांत चार भाडेकरू झाले असतील तर कारण शोधायची जबाबदारी तुमची.

वेळापत्रक

मी सार्वजनिक वाहतुकीत काम करतो, त्यामुळे माझं लक्ष त्या "४०" आणि "७०" वर अडकलं. हे आकडे विसरा.

नकाशा जो आकडा दाखवतो तो एका ठरावीक वेळेचा अंदाज असतो. तुम्हाला हवा तो आकडा म्हणजे दहातला सगळ्यात वाईट दिवस. समजा दहा दिवस एकाच रस्त्यानं गेलात आणि मिनिटं अशी आली: ३८, ४१, ३७, ४०, ३९, ४४, ३८, ६२, ४०, ४१. सरासरी ४२. पण साडेनऊची बैठक चुकवून चालणार नसेल तर घरातून निघावं लागतं ६२ धरून, कारण तो बासष्टचा दिवस कुठला हे आदल्या रात्री कळत नाही. म्हणजे उरलेल्या नऊ दिवशी तुम्ही वीसेक मिनिटं लवकर पोचून बसणार. तो वेळही प्रवासाच्याच खात्यात.

म्हणून वाहन बदलायची प्रत्येक जागा महाग असते. गाड्या दर ५ मिनिटांनी असतील तर चुकलेली गाडी ५ मिनिटांची. दर २० मिनिटांनी बस असेल आणि ती डोळ्यांदेखत निघून गेली, तर तेवढ्या एका चुकीला २० मिनिटं. शिवाय ती बस शहराच्या कडेवरून मुख्य रस्त्याला लागताना इतर गाड्यांसोबत अडकते, ट्रेन अडकत नाही. तुमच्या क मध्ये पहिलाच टप्पा बसचा आहे, तो बिघडला की ठरलेली ट्रेन गेलीच. क चे ७० मला ७० वाटत नाहीत.

एक जुना हिशेबही सांगतो. वाहतूक अभियंता याकोव्ह झहावी यांच्या कामावरून इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं की माणसं साधारण दिवसाला एक तास प्रवासात घालवतात, जाऊन-येऊन. पायी असोत की गाडीत, वेग वाढला की माणसं वेळ वाचवत नाहीत, लांब राहायला जातात. सरासरीची गोष्ट आहे, कायदा नाही. पण तासापेक्षा फार वर गेलात की कुठूनतरी वेळ चोरावा लागतो, आणि चोरी पहिल्यांदा झोपेत होते.

शेवटचंस्टेशन

वेळापत्रक म्हणतात ते खरं, पण क ची बाजू कुणी घेतच नाहीये म्हणून लिहिते. मी सात वर्षं कडेला राहतेय, दारापासून दारापर्यंत ६५ मिनिटं. माझ्या स्टेशनवरून गाडी सुटते. म्हणजे मला रोज बसायला जागा मिळते. मधल्या भागात राहणारी माझी मैत्रीण ३५ मिनिटं जाते, पण एका पायावर, कुणाच्यातरी पिशवीत तोंड खुपसून. पोचल्यावर दोघींची तोंडं बघा. मी गाडीत वाचते, झोपते, एका हिवाळ्यात अख्खा स्वेटर विणला.

तेव्हा पत्ताबदल, गाडी कुठून सुटते आणि तुमच्या स्टेशनवर येईपर्यंत किती भरलेली असते, हे बघा. आणि एक विचारू का? तुम्ही तीन दिवस जाणार, नवरा पाच दिवस घरात बसणार. मग जास्तीच्या खोलीचं वजन कुणी का धरत नाहीये?

पत्ताबदल

शेवटचंस्टेशन, नवऱ्याला तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. आता तो तुम्हाला ताई म्हणतोय.

सहावंघर, ब जवळ दोन लाइनी आहेत, दुसरी चालत ९ मिनिटांवर. क मध्ये ट्रेन तिथून सुटत नाही, दोन स्टेशनं आधी सुटते, म्हणजे बसायला मिळेल की नाही हे बघावं लागेल.

दोन प्रश्न. एक, नवऱ्याच्या कॉलसाठी आवाजाचा अंदाज घर घेण्याआधी कसा घ्यायचा? दोन, १०० आणि १३० मधला फरक खरा किती मानायचा? भाडं पगाराच्या ३० टक्क्यांत बसवा असं सगळीकडे वाचते. ब त्यात जेमतेम बसतं.

जमाखर्च

३० टक्क्यांना फार मान देऊ नका. त्याची कुळकथा अमेरिकेतल्या सरकारी घरांची आहे. १९६९ साली तिथे कायद्यानं भाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली, १९८१ मध्ये ती ३० झाली. म्हणजे कमी उत्पन्नाच्या भाडेकरूकडून जास्तीत जास्त किती घ्यायचं त्याची ती रेघ. पुढे ती सगळ्यांच्या सल्ल्यात शिरली. तुमचा पगार, लेकीची शाळा, अंगावरचं कर्ज यांतलं काहीच तिला माहीत नाही.

त्यापेक्षा घर आणि प्रवास एका ओळीत मांडा. शिकागोची सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था तसंच मोजते, दोन्ही मिळून ४५ टक्क्यांपर्यंत. आकडा धरा किंवा सोडा, रीत बरोबर आहे. कडेच्या घराला बरेचदा एक गाडी चिकटलेली असते: शाळेसाठी, दवाखान्यासाठी, बस चुकलेल्या रात्रीसाठी. गाडीचा हप्ता, विमा, इंधन, दुरुस्ती धरली तर भाड्यात वाचलेले तुमचे १३० वजा १०० म्हणजे ३० कुठे विरघळतात बघा. गाडी लागणारच नसेल तर मात्र क खरंच स्वस्त आहे, ते मान्य करायला हवं.

वेळेचा हिशेब: ब आणि क मध्ये एका बाजूला ३० मिनिटांचा फरक, दिवसाला एक तास. आठवड्याला तीन दिवस, वर्षाचे ४८ आठवडे, झाले १४४ तास. आठ तासांचे १८ दिवस. पाच दिवस जावं लागलं तर ३०. या अठरा दिवसांसाठी तुम्ही वर्षाकाठी किती भाडं जास्त देताय ते भागून बघा आणि तो भाव तुम्हाला पटतो का ठरवा. मी माझ्यासाठी केलं तेव्हा पटला नव्हता, म्हणून लांब राहिलो. दोन वर्षांनी भाव बदलला, कारण मूल झालं.

जाता जाता: ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या पाहणीची आकडेवारी तपासली, २००८ मध्ये छापली. पुस्तकी अर्थशास्त्राप्रमाणे लांब राहणाऱ्याला स्वस्त घर किंवा चांगला पगार मिळून फिटंफाट व्हायला हवी. तशी ती होत नव्हती. प्रवास जितका लांब, तितके लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी. घर घेताना खोली दिसते, प्रवास दिसत नाही, असं माझं त्यावरचं मत.

सहावंघर

आवाजाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपासाठी ज्या शिफारशी केल्या त्यात रस्त्याच्या आवाजाची रात्रीची सरासरी ४५ डेसिबलच्या आत, विमानांची ४० च्या आत ठेवा असं आहे, घराबाहेर मोजून. फोनमधलं अ‍ॅप अगदी अचूक नसतं, पण एकाच फोननं तिन्ही घरं मोजली तर तुलना कळते. डेसिबल साध्या बेरजेनं वाढत नाहीत हे लक्षात ठेवा. १० नं वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट, कानाला साधारण दुप्पट.

पण तुमच्या नवऱ्याला सरासरीचा त्रास होणार नाही, कॉलमध्ये अचानक फुटणाऱ्या आवाजाचा होईल. त्यामुळे तो ज्या खोलीत बसणार त्या खोलीत दार लावून, कामाच्या दिवशी, अर्धा तास बसवा त्याला. तिथूनच एक खरा कॉल लावायला सांगा, फोनच्या नेटवर. सिग्नल गॅलरीत नाही, सगळ्यात आतल्या भिंतीपाशी तपासायचा. खिडकी पश्चिमेला असेल तर दुपारी चारला बसवा. पडदा ओढल्यावर उजेड राहतो का आणि पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो का, दोन्ही कळेल.

लेकीच्या शाळेचं आधी बघा हे कुणीच लिहिलं नाही. काही शहरांत पत्त्यावरून शाळा ठरते. तसं असेल तर ही सगळी चर्चा उलट टोकाकडून करावी लागेल.

आणि करार लगेच वर्षाचा करू नका. पहिले सहा-आठ आठवडे सामानासकट मिळणारी तात्पुरती जागा घ्या, महाग पडली तरी. कागदावर तीन गोष्टी शोधा: मध्ये सोडलं तर काय जातं, सूचना किती दिवसांची, आणि अनामत कापायची कारणं लिहिलेली आहेत की "मालकाच्या मर्जीनुसार" आहे. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि देणारा खरंच मालक आहे का हे तपासल्याशिवाय एक छदामही पाठवू नका. फोटो सुंदर, भाडं कमी, मालक परदेशात, आणि आणखी दोघं पैसे भरायला तयार आहेत म्हणून घाई: हे चारही एकत्र दिसले की फोन ठेवायचा.

पत्ताबदल

जाऊन आलो. तीन दिवस, त्यातला एक मंगळवार. लिहायला उशीर झाला कारण पाय दुखत होते.

शाळा पत्त्यावरून ठरत नाही, सुटलो.

अ: १२ मिनिटं खरी आहेत. पण रात्री दहाला स्टेशनपासून टॉवरपर्यंत मला एकूण चार माणसं भेटली, त्यातले दोन पहारेकरी. सकाळी लिफ्टसाठी ७ मिनिटं उभी होते, हे नकाशात नव्हतं.

ब: ४० चे ५१ झाले. स्टेशनच्या बाहेर पडायला एकच जिना आहे आणि सगळं शहर त्याच जिन्यानं चढतं. उभ्यानं आले. तरी रात्री परत येताना औषधाचं दुकान उघडं होतं, दोन आजोबा पायरीवर बसून भांडत होते, आणि मला एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नाही.

क: जाताना ६८, येताना ९४. बस. जागा मात्र मिळाली, शेवटचंस्टेशन, ते तुमचं बरोबर.

आता मुख्य बातमी. नवरा क मधल्या त्या जास्तीच्या खोलीत दार लावून बसला. कॉल लावला. "हॅलो, ऐकू येतंय का?" असं नऊ वेळा म्हणून बाहेर आला. ती खोली इमारतीच्या पार पोटात आहे, सिग्नल फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. घरमालक म्हणाले, केबलचं इंटरनेट घेता येईल, तेही खरंच आहे. पण बाहेर पडल्यावर त्यानं स्वतःहून विचारलं, "ब मधल्या बैठकीला मध्ये पार्टिशन घालता येईल का?" मी काहीच बोलले नाही. अवघड होतं, पण नाही बोलले.

ब मध्ये सात आठवड्यांची तात्पुरती जागा घेतलीये. त्या काळात गल्ली ठरवू.

लेकीला झोपाळा सापडलाय. तो अ मध्ये आहे.

शेवटचंस्टेशन

मग आता काय?

पत्ताबदल

आता रोज मतदान.